न मारलेलं प्यादं

तामाराचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे अडुसष्ट साली, केशाचा ग्रँडमास्टरचा किताब चौथ्यांदा हुकायच्या बेतात होता. तामारा ग्लाफिराची लेक. केशा, म्हणजे इनोकेंती, ग्लाफिराचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात क्रेन चालवून ग्लाफिरानेच त्याला वाढवलं.

प्रवासाला निघताना घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. केशाला तेवढंही जमत नसे.

"ताई, गाडी चुकेल!"

"चुकू दे. हात बुडाखाली घाल आणि बस. तुझे हात आधी धावतात, डोकं मागून येतं."

खोटं नव्हतं. तिन्ही वेळा किताब अर्ध्या गुणाने गेला तो घाईनेच. आता तो चव्वेचाळीसचा होता; यंदा हुकला तर पुढचं बोलावणं येणार नव्हतं.

सारातोवच्या स्पर्धेत शेवटचा डाव जिंकणंच भाग होतं. लग्नाच्या केकचा तुकडा रुमालात बांधून ग्लाफिरा तिसऱ्या रांगेत येऊन बसली. पाच तास झाले तरी डाव संपेना. अशा वेळी ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल कागदावर लिहून बंद लिफाफ्यात पंचांकडे द्यायची, आणि डाव सकाळी पुढे चालवायचा. पाळी केशाची होती. समोर प्रतिस्पर्धी वेनियामिनचं एकुलतं एक प्यादं केशाच्या हत्तीच्या तोंडी आयतं उभं होतं. केशाने पेन्सिल उचलली, ठेवली, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला. अकरा मिनिटं. मग लिहून लिफाफा चिकटवला.

उपाहारगृहात जो तो तेच बोलत होता.

"मारलंच असणार प्यादं."

"मग बुडाला! वेनियामिनच्या कोपऱ्यातल्या राजाला हलायला घरच नाही. तो आपला हत्ती फुकट देऊन टाकेल. घेतला की त्याला चालच उरत नाही. म्हणजे बरोबरी."

वेनियामिन चहा ढवळत हसला. "ग्लाफिरा पेत्रोव्हना, अर्ध्या गुणाने हुकायची भावाला सवयच आहे, नाही का?"

"आणि तुम्हाला चहा गार करायची. प्या आधी!"

ती तोऱ्यात उठली. खोलीवर गेल्या गेल्या तिने विचारलं, "केशा, मारलंस का रे ते?"

"चाल लिफाफ्यात आहे, ताई. केक दे."

सकाळी पंचांनी लिफाफा फाडला, कागद वाचला आणि केशाचा राजा उचलून एक घर मागे ठेवला. प्यादं होतं तिथेच उभं.

कोणीतरी शीळ घातली. प्यादं जिवंत, म्हणजे हत्ती दिला तरी वेनियामिनला प्याद्याची चाल उरतच होती. हत्ती फेकून निसटायची सोय गेली. वीस मिनिटं तो पटाकडे बघत राहिला. मग घड्याळ थांबवून, हार मानून त्याने हात पुढे केला.

"इनोकेंती पेत्रोविच, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"बसलो होतो," केशा म्हणाला.

टाळ्या थांबेनात. ग्लाफिरा मात्र उठली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून मिनिटभर तशीच बसून राहिली, आणि मग भावाकडे धावली.

पुढच्या चौदा वर्षांत केशा बावीस स्पर्धा खेळला. त्यातल्या सात जिंकल्या. प्रत्येक वेळी निघताना ग्लाफिरा त्याला ट्रंकेवर बसवत असे. ग्लाफिरा पेत्रोव्हना अकरा मार्च एकोणीसशे ब्याऐंशीला वारली.