अंगठ्याखालची ओळ

मित्रांनो, आधी किसनसिंगाबद्दलची माझी तक्रार ऐका, माझं नावगाव मग सांगते. येशू वधस्तंभावर गेला त्या उत्तम शुक्रवारी हा माणूस दरवर्षी शास्त्र वाचतो आणि एका ओळीवर अंगठा ठेवतो. वरची ओळ वाचतो, खोकतो, आणि एकदम खालच्या ओळीवर उतरतो. सतरा वर्षं झाली. पानावर अंगठ्याचा तेलकट डाग पडला, पण चेहऱ्यावर लाजेची रेघ नाही. समोरच्या बायांना वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला. दम कसला? ती ओळ माझ्याबद्दल आहे.

मी एक जुनी कनात आहे. नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा तांडा आहे. तिथल्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात मी टांगलेली असते. पुस्तकात मला पडदा म्हणतात, तांड्यातल्या बाया कनात म्हणतात. मला जमनीबाईनं शिवलं. तिच्या हातची असल्यामुळे जीभही तिचीच लागली आहे. कुणाला झोंबली तर त्यानं पाणी प्यावं.

प्रार्थनाघर नवं होतं तेव्हाची गोष्ट. दर रविवारी पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं ठरलं. वाचता येत होतं एकट्या किसनसिंगाला. वाचता वाचता मोशेची गोष्ट आली. रानातून चाललेली माणसं, गुरंढोरं, तंबू, आज इथे मुक्काम तर उद्या तिथे. म्हातारी माणसं ताठ बसली. त्यांचे पणजोबा असेच बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे. शेजारची कौसल्या म्हणाली, "अवं बाई, हा त आपलाच तांडा हाय!"

मग देवाचा तंबू आला, आणि त्या तंबूतला पडदा आला. निळा, जांभळा, लाल. त्याच्यामागे देवाची जागा. आत कुणी जायचं नाही. वर्षातून एकदा मुख्य याजकानं तेवढं जायचं. जमनीबाई उभीच राहिली. "अशी कनात आमी शिवतो. त्या पुस्तकातल्या बायाईपेक्षा चांगली शिवतो."

इथेच चुकलं. पुस्तकाची सुरुवात ऐकून मला टांगलं, पुढे काय झालं ते ऐकायच्या आत.

पण शिवलं मात्र असं, की काय सांगू! जमनीबाईनं आपला लग्नातला फेटिया, म्हणजे भरतकामाचा घागरा, उसवला आणि माझ्या दोन पाखांवर, म्हणजे दोन्ही अर्ध्या भागांवर, लावला. कडेनं आरसे, खाली कवड्यांची झालर, मधोमध एकच शिवण, तीही दुहेरी टाक्याची. तीन महिने सुई चालली. यवतमाळहून पाळकसाहेब आले. त्यांनी "काय सुंदर काम आहे हो!" म्हणून माझा फोटो काढला आणि चहा पिऊन गेले. फोटोऐवजी एक वाक्य बोलले असते तर माझी सतरा वर्षं वाचली असती. पण चहा पिताना कुणाची चूक काढवत नाही.

आता किसनसिंग कोण ते ऐका. तो जमनीबाईचा दीर, आणि तांड्याचा कारभारी. आमच्या तांड्यात नायकाकडे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाकडे, थेट जायची रीत नाही. आधी कारभाऱ्याला सांगायचं, मग तो नायकाच्या कानावर घालतो. पुढे ग्रामपंचायत आली, मोबाईल आले, कारभाऱ्याला कुणी विचारेना. माणूस रिकामा झाला. रिकामा माणूस आणि रिकामी खुर्ची एकमेकांना शोधतातच. मी टांगली गेले त्याच रविवारी तो म्हणाला, "नायकाकडे थेट जाता का? मंग देवाकडे कसे जासान? मले सांगा, मी आत जाऊन सांगतो." सगळ्यांना पटलं.

तेव्हापासून बाया माझ्यापुढे बसतात आणि आपलं दुःख माझ्यापाशी तोंड आणून सांगतात. मागच्या बाजूला एक मेज, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या आणि किसनसिंग. मला दोन्हीकडचं दिसतं, हेच माझं दुखणं. देव मागच्या बाजूला नव्हता असं नाही. पण समोर सतरंजीवर बसलेल्या बायांत होता तेवढाच तो मागे होता. तसूभर जास्त नाही.

पहिल्याच वर्षी किसनसिंग एकटा बसून ओठ हलवत वाचत होता. वाचता वाचता येशूच्या मरणापाशी आला. येशूनं प्राण सोडला, आणि त्या तंबूच्या जागी पुढे बांधलेल्या देवळातला तसाच पडदा फाटून दोन झाला. वरपासून खालपर्यंत. किसनसिंगानं दोनदा वाचलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझे सगळे आरसे थरथरले. माणूस फाडतो तो खालून, हात पुरतो तिथून. वरून फाडणारा एकच आहे! म्हणजे त्यानं स्वतःच सांगून टाकलं होतं, की या आत, आता कुणाला विचारायचं नाही. किसनसिंगानं बाहेर पाहिलं, कुणी नव्हतं. त्यानं त्या ओळीवर हळूच अंगठा ठेवला.

त्या दिवसापासून मला चैन नाही. वारा नसतानाही माझ्या कवड्या वाजतात. बाया म्हणतात, उंदीर असन.

सगळ्यात वाईट साल लालसिंगाच्या आजाराचं. लालसिंग म्हणजे जमनीबाईचा नवरा, किसनसिंगाचा सख्खा भाऊ. जमनीबाई दर रविवारी माझ्यापाशी येऊन म्हणायची, "किसनसिंग, देवाले सांग, यायच्या पोटातली कळ थांबव." मागून उत्तर यायचं, "सांगतो वयनी." मग तो खुर्चीवर नुसता बसायचा. एकदा त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तांब्यातलं पाणी प्याला, बाहेर आला आणि म्हणाला, "सांगितलं." लालसिंग गेला. जमनीबाई माझ्या आरशात पाहून डोळे पुसायची. "आपलंच काही चुकलं असन." मला तेव्हाच फाटून जावंसं वाटत होतं. पण टाका दुहेरी होता, आणि तिचाच होता.

नंतर ममता सून म्हणून आली. जमनीबाईच्या संजयची बायको, बाभुळगावला बारावीपर्यंत शिकलेली. सासू म्हणायची, "चार बुकं शिकली त भाकर गोल होते का?" सून म्हणायची, "पोटात गेली का सारीच गोल होते, याडी." याडी म्हणजे आई. भांडणात तांडा जागा राहायचा, पण एकीला ताप आला की दुसरी जेवायची नाही.

ममताची लेक सेवंती. वय वर्षं सहा. तिच्या काळजाला भोक आहे. चार पावलं धावली की ओठ निळे पडतात. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली, नागपूरला. मागच्या रविवारी नऊच्या एसटीनं निघायचं होतं. त्याआधी प्रार्थना करून घ्यावी म्हणून सगळे सात वाजताच जमले. आणि कारभारी कुठे? यवतमाळला, लग्नात!

संजयनं फोन लावला. फोनमधून बँडच्या आवाजात किसनसिंग ओरडला, "निघालो, निघालो! मी आल्याबिगर आत कोनी जाऊ नका!"

आठ वाजले. साडेआठ वाजले. सगळे माझ्याकडे बघत बसले होते. अर्ज आहे, देव आहे, पण कारभारी लग्नाला गेला, म्हणून सहा वर्षांचं लेकरू ताटकळत बसलंय! मी तर अंगातून धागा धागा ओढल्यासारखी अस्वस्थ झाले. ममता उठली. तिनं मला एका हातानं बाजूला सारलं आणि सेवंतीला घेऊन आत गेली.

"ममता! बाहेर ये!" जमनीबाई कडाडली. "सतरा वर्सात मी पाय टाकला नाही तिथी, अन् तू डोकशावरचा पदर सोडून घुसली? काहून गेली? पोरीवर काही आलं म्हंजे?"

ममता बाहेर आली नाही. मेजावरचं पुस्तक तिनं हातात घेतलं. ते आपसूकच त्या डागावर उघडलं. ज्या पानावर माणूस सतरा वर्षं अंगठा दाबतो, ते पान दुसरीकडे कुठे उघडणार? तिनं माझ्यामागून मोठ्यानं वाचलं. वरची ओळ, अंगठ्याखालची ओळ, मग खालची.

समोरच्या बाया गुडघ्यांवर पुढे सरकल्या.

"पुन्हा वाच," जमनीबाई म्हणाली. ममतानं वाचलं. "हळू वाच. फाटला, तो खालून का वरून?"

"वरून, याडी."

जमनीबाई खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती तसली बाई नाही. ती म्हणाली, "म्हंजे देवानं तिकडं फाडला, अन् मी येथी पुन्हा शिवून ठेवला!" मग संजयला म्हणाली, "घरून टेबल आन. कातर आन."

ती टेबलावर चढली. माझी गाठ कुठे आहे ते तिच्याशिवाय कुणाला माहीत? वरच्या टोकाला, मधल्या शिवणीत. तिनं तिथे कातर घातली आणि दोन्ही पाखं धरून जोर लावला. मित्रांनो, दुखलं. खोटं कशाला बोलू? लग्नातल्या घागऱ्याचं सूत तिच्याच हातात तुटत होतं. पण वरपासून खालपर्यंत मी उघडत गेले तसा अंगातला इतक्या वर्षांचा पीळ सुटला. आणि समोरच्या माणसांनी पाहिलं, मागे काय आहे. एक मेज. एक खुर्ची. एक तांब्या. आणि सेवंतीला कडेवर घेतलेली ममता.

जमनीबाई आत गेली. पहिल्यांदा तिला शब्दच सुचेना. मग म्हणाली, "देवा, मी जमनी. लालसिंगची बायको. येशूनं दार उघडलं म्हंतात, म्हून आली. या पोरीच्या काळजाले भोक हाय. तू शिव. तुले माह्यापेक्षा चांगलं शिवता येते." एवढंच. पाठोपाठ कौसल्या आली, सगळ्या बाया आल्या.

तेवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. किसनसिंग. डोक्यावर फेटा, कपड्यावर हळद. "वयनी! हे काय केलं?"

"तुले ती ओळ माहीत होती?"

"तू जीव ओतून शिवली होती वयनी. तुले कसं सांगू?"

"माह्या सुईचं नाव पुढं करू नको. लालसिंगच्या वक्ती देवाले काय सांगितलं तू? तेवढं बोल."

किसनसिंगानं फेटा काढला. "काहीच नाही. मले बोलताच नाही आलं. मले वाटे, मी कोन बोलनारा?"

रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. संजयनं बॅग उचलली.

मित्रांनो, आता मी दोन तुकड्यांत आहे. एक पाख सेवंतीच्या अंगाभोवती गुंडाळून नागपूरला गेली. निरोप अजून यायचाय, म्हणून जीव अजूनही थाऱ्यावर नाही. दुसरी इथे खाली अंथरली आहे, लेकरं तिच्यावर बसून प्रार्थना करतात. मला धुवा, उन्हात घाला, फाटलं तिथे ठिगळ लावा. पण माझी मधली शिवण पुन्हा कुणी घालू नका, मी कितीही सुंदर दिसत असले तरी. आणि तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्याला स्वतः सांगा. शब्द चुकले तरी चालतात, हे मी जमनीबाईकडून ऐकलं आहे.

त्या दिवशी एसटीत चढायच्या आधी ती प्रार्थनाघराच्या दारात थांबली. दिराकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"किसनसिंग, देवानं कारभारी ठेवलाच नाही, तू उगाच नोकरी करून राह्यला. सतरा वर्स दाराले टेकून बसला, आमाले आत जाऊ नाही देलं, अन् सोता कधी गेला नाही. आता जोडे काढ अन् जाय आत. आधी भावासाठी रड, मंग माह्या नातीसाठी माग. तुह्यासाठी बी उघडंच हाय ते."