एसबाईंनी खोडलेलं अनेकवचन

खरेदी शाखेत त्यांना सगळे एसबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होतं. निविदा आणि करारांचे इंग्रजी मसुदे तपासणं हे त्यांचं काम. कुठल्या शब्दाला एस लागतो आणि कुठल्या नाही, यावरून त्या साहेबांशीसुद्धा हुज्जत घालत. एकतीस वर्षांत त्यांनी एकदाच माघार घेतली.

अग्निशमन दलासाठी दोर घ्यायचे होते. जुन्या करारात लिहिलेलं असे की माल 'ऑफिसर्स-इन-चार्ज' तपासतील. म्हणजे भांडारप्रमुख आणि केंद्रप्रमुख, दोघंही. भांडारप्रमुख नग मोजायचे. केंद्रप्रमुख दोर गच्चीवरून खाली सोडून त्याला वाळूची पोती लटकवायचे.

नव्या साहेबांनी नव्या मसुद्यातल्या त्याच शब्दावर बोट ठेवलं. "हे काय, बाई? एस मध्येच कसा? शेवटी हवा ना?"

"नाही साहेब. अनेक आहेत ते अधिकारी. चार्ज नव्हे."

"वरून कुणी विचारलं तर मी काय व्याकरणाचा तास घेत बसू? काढून टाका तो एस. एकवचनात कुणाचं काही चुकत नाही."

"पण मग एकाच सहीवर माल..."

"फाइल आज गेली पाहिजे."

साहेब वाईट नव्हते, घाईत होते. एसबाईंचा गुडघा सकाळपासून ठणकत होता, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं होतं. त्यांनी एस खोडला.

दोर आले. भांडारप्रमुखांनी मोजले, सही केली. केंद्रप्रमुखांना कुणी बोलावलंच नाही. करारात त्यांची गरजच उरली नव्हती.

सात महिन्यांनी सरावात एक जवान तिसऱ्या मजल्यावरून उतरत असताना दोर तुटला. तो वाचला, पण डाव्या पायाची तीन ऑपरेशनं झाली आणि पाय आखूड राहिला. चौकशी बसली. कार्यालयात सगळे दबक्या आवाजात बोलू लागले. एसबाईंनी विचारलं नाही, की त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी मात्र दोरांची पावती काढून पाहिली, तिच्यावर एकच सही होती.

महिन्याभराने चौकशी अहवालाचा मसुदा त्यांच्याच टेबलावर आला. शिपाई म्हणाला, "इंग्रजी तेवढं बघून द्या म्हणालेत. एस-बीस."

नवव्या पानावर त्या थांबल्या. लिहिलं होतं की 'ऑफिसर्स-इन-चार्ज' यांनी दोर तपासले होते, म्हणून मालात दोष नव्हता. जवानाने गाठ चुकीची मारली, त्यामुळे दोर कठड्यावर घासून तुटला. कुणीतरी ते वाक्य जुन्या करारावरून जसंच्या तसं उचललं होतं. एस अगदी योग्य जागी होता. व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती आणि वाक्य मात्र धडधडीत खोटं होतं.

त्यांनी पान काढलं आणि जिना चढून चौकशी अधिकारी बाईंच्या खोलीत गेल्या.

"इथे एस चुकलाय," त्या म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी चष्मा लावून पाहिलं. "बरोबर तर आहे."

"इंग्रजी बरोबर आहे, बाई. पण तपासणारा एकच होता. दुसऱ्याला कुणी बोलावलंच नाही. करारातून तो एस मी काढला. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण परिणाम मला कळत होता. त्यांना नव्हता."

"हे लेखी द्याल?"

"द्यायलाच आलेय."

"तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे."

उरलेले दोर पुन्हा तपासले गेले. केंद्रप्रमुखांनी पोती लटकवली. अठरांपैकी पाच तुटले, आणि ते कठड्याला लागलेसुद्धा नव्हते. अहवाल बदलला. साहेबांची बदली झाली. एसबाईंच्या सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला. त्याचं इंग्रजी फार गचाळ होतं, पण त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.

मग एका रविवारी त्या जवानाच्या घरी गेल्या. तो खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता. त्याच्या आईने खुर्ची पुढे केली आणि ती आत गेली. एसबाईंनी आपण कोण ते सांगितलं. काय केलं, तेही सांगितलं.

तो म्हणाला, "तेव्हाच का नाही अडून बसलात?"

एसबाईंपाशी उत्तर होतं. गुडघ्याचं, निवृत्तीचं, हसणाऱ्या टेबलाचं. त्यातलं एकही न देता त्यांनी पिशवीतून कागद काढले.

"अहवाल आणलाय," त्या म्हणाल्या. "इंग्रजीत आहे. वाचून सांगू?"

त्याने होकारार्थी मान हलवली. त्या एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागल्या. तपासणी एकाच अधिकाऱ्याने केली. दोर सदोष होता. जवानाने मारलेली गाठ नियमाप्रमाणे, घट्ट आणि अचूक होती.

"थांबा," तो म्हणाला. त्याने आतल्या खोलीकडे वळून हाक मारली. "आई, जरा बाहेर ये." मग एसबाईंकडे पाहिलं. "गाठीचं परत वाचा. चार महिने झाले, सगळे तिला सांगतायत की तुझ्या पोराला गाठ मारता येत नाही."

ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. एसबाईंनी पुन्हा ते पान धरलं आणि या वेळी सावकाश वाचलं.