दर सेकंदाला मोजणारा

मित्रांनो, मला हात नाहीत, डोळे नाहीत. मी एक जुना मोजणीदार आहे, एक साधा प्रोग्रॅम. एका इस्पितळाची वेबसाइट दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते, तिथेच माझं बिऱ्हाड. सर्व्हरवर किती ताण आला, पान उघडायला किती वेळ लागला, हे टिपायचं. मला घडवणाऱ्या बाई शिस्तीच्या. मिनिटाला एकदा, दहाच गोष्टी मोजायला सांगून त्या दुसऱ्या नोकरीवर गेल्या.

इस्पितळाचे साहेब पाहुण्यांना माझे आलेख कौतुकाने दाखवत. आकडे मात्र कोणी वाचत नसे. देव त्यांचं भलं करो, त्यांना आलेखाचे रंगच आवडायचे.

मग नवा इंजिनिअर आला. आलेख भरगच्च दिसावा म्हणून त्याने मला दर सेकंदाला शंभर गोष्टी मोजायला जुंपलं. वेबसाइट रखडू लागली. डॉक्टरांच्या वेळांचं पान उघडेना, म्हणून रुग्ण फोनवर चिडू लागले. ते पान सांभाळणाऱ्या ताईंनी त्यावर टाकलेले फोटोच जड, असं साहेबांनी न बघता ठरवलं. महिनाअखेर ताईंना घरी बसवायचं होतं. पुरावा हवा, म्हणून त्या दीडशहाण्या इंजिनिअरने माझी मोजणी तिप्पट केली. वेबसाइट पार आडवी झाली. ताप उतरेना म्हणून रोग्याच्या तोंडात आणखी थर्मामीटर कोंबावेत, तसली ही अक्कल.

ताईंनी माझ्या नोंदी मागितल्या. इंजिनिअरने हसत हसत दिल्या. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या एकेक ओळ बोट ठेवून वाचत बसल्या. मग साहेबांसमोर गेल्या.

"साहेब, परवा दिवसभर मी पानावरचे सगळे फोटो हटवून ठेवले होते. तरी वेबसाइट तशीच. सर्व्हरचा निम्मा जीव हा मोजणाराच खातोय."

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"कळत काहीच नाही. मी फक्त वाचलं."

त्या दुपारी मला पुन्हा मिनिटाला दहावर आणलं आणि पानं झरझर उघडू लागली. ताईंची नोकरी राहिली. साहेबांनी पाठ थोपटली ती इंजिनिअरची.

मित्रांनो, आम्हा मोजणाऱ्यांना सांभाळायचं म्हणजे मिरवायचं नव्हे. कोणावर बोट दाखवण्याआधी आमचं लिहिलेलं वाचत जा. ताईंची माफी किती जणांनी मागितली, हे मोजायला मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तरी तो रकाना कोराच राहिला असता.