शाईताईचे उलटे जग

कचेऱ्यांमध्ये कागदांवर धाडधाड आदळणारे शिक्के तुम्ही पाहिले असतील. मित्रांनो, मला त्यांच्या पंगतीला बसवू नका. मीही एक जुना रबरी शिक्काच आहे, माझी लाकडी मूठ झिजली आहे, कडा खाल्ल्या गेल्या आहेत. पण माझ्या अंगावर 'मंजूर' किंवा 'पोहोचले' असली फुटकळ अक्षरे नाहीत. माझ्या अंगावर सगळे जग आहे. भूगोलाच्या वहीत जगाचा जो कोरा नकाशा उमटतो आणि ज्यात मुले गृहपाठाला वाळवंटे पिवळी आणि जंगले हिरवी रंगवतात, तो माझाच छाप.

मला घडवणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस होता. एकेका किनाऱ्यासाठी तो अर्धा अर्धा दिवस घालवायचा. मान आखडली की उठून चार फेऱ्या मारायचा आणि पुन्हा बसायचा. त्याने मला उलटा कोरला. शिक्का तसाच कोरावा लागतो. अंगावर उलटे असेल तेव्हाच कागदावर सरळ उमटते. म्हणून माझ्या अंगावर अमेरिका उजव्या हाताला आहे आणि ऑस्ट्रेलिया खाली डाव्या कोपऱ्यात. एवढे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

शाळेत आलो तेव्हा माझे कौतुक काय विचारता! भूगोलाच्या बाईंनी मला कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. गृहपाठ असो, प्रकल्प असो, चाचणी असो, माझ्यावाचून पान हलत नसे. एकाने निळा रंग संपला म्हणून अख्खा समुद्र जांभळा रंगवला होता, तेही मला गोड वाटले. पण नव्याची नवलाई संपली. मला कोणी धुवेनासे झाले. शाई खाचांमध्ये वाळून बसली. भूमध्य समुद्र बुजला, बारीकसारीक बेटे दिसेनाशी झाली आणि मुले म्हणू लागली, "बाई, हा नकाशा बरबटलेला येतो." फार वाईट वाटायचे मला.

तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली. ती कधी हात वर करत नसे आणि कोणी तिला कशात निवडतही नसे. तिने बाईंना एवढेच विचारले, "शिक्का मी धुऊ का?" मग दर शनिवारी ती मला घरी नेऊ लागली. साबणाचे पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ती एकेक खाच मोकळी करायची. तिची बोटे कायम निळी. वर्गाने तिचे नाव शाईताई ठेवले. ते चिडवायला ठेवलेले नाव होते, पण मला ते आवडायचे.

एके दिवशी बाईंनी वर्गात फर्मान काढले. "या शिक्क्याने तुमचे हात आळशी केलेत. सोमवारच्या चाचणीत शिक्का मिळणार नाही. कोऱ्या कागदावर मनाने जगाचा नकाशा काढायचा." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "ज्याची रेषा सगळ्यांत चांगली येईल, तो आपल्या प्रकल्पाचा नकाशा काढेल. मैदानातल्या नव्या चौथऱ्यावर. वीस फुटी."

शाईताईने मला इतके घट्ट धरले की माझी मूठ दुखली असती, तिला दुखता आले असते तर. तिला तो चौथरा हवा होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला काहीतरी सगळ्यांसमोर करायचे होते.

घरी आल्यावर तिच्या लक्षात आले की अभ्यास करायचा कशावरून? वह्या तपासायला बाईंकडे. तिचे पुस्तक जुने, कोणीतरी वापरलेले. त्यातले नकाशाचे पान आधीच्या मालकाने प्रकल्पात चिकटवायला कापून नेले होते. राहिलो मी. तिने मला टेबलावर पाठीवर झोपवले आणि माझ्याकडे बघून जग काढायला घेतले. शनिवारी काढले, रविवारी दिवसभर काढले. वीस कागद झाले, तीस झाले. खंडांची नावे तिला आकारावरून पाठ होती, ती तिने बिनचूक लिहिली. रेषा तर अशी येऊ लागली की तो कारागीर असता तर त्याने तिला कामाला ठेवून घेतले असते.

आणि मी? माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती. अगं, मी उलटा आहे, मला छाप आणि मग बघ, असे ओरडावेसे वाटत होते. शिक्क्याला तोंड असते, पण ते कोणीतरी दाबल्यावरच उघडते.

तिलाही मधेच शंका आली. आजोबा खिडकीशी पेपर वाचत होते. तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "आजोबा, यात काहीतरी चुकतंय का हो?"

आजोबांनी मला उचलले, कागदाशेजारी धरले आणि एकेका किनाऱ्यावरून बोट फिरवले. "रेघ न् रेघ जुळतेय. खुशाल जा तू."

आजोबा काही थापा मारणारे नव्हते. त्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात शिशाची अक्षरे जुळवली होती, आणि छपाईची अक्षरे असतात माझ्यासारखीच, उलटी. त्यांच्या डोळ्यांना तेच सरळ वाटे!

सोमवारी चाचणी झाली. गुरुवारी पेपर मिळाले. शाईताईला पंचवीसपैकी सहा. बाईंनी साठ पेपर एका बैठकीत तपासले होते; अमेरिका उजवीकडे दिसताच त्यांनी नकाशावर आडवी लाल रेघ ओढली होती. आफ्रिकेच्या पश्चिमेला कोणता महासागर, याला तिने स्वतःच्या नकाशावरून 'हिंदी' असे उत्तर लिहिले होते. मागून कोणीतरी म्हणाले, "शाईताईच्या जगात जहाजं मागे मागे जातात वाटतं." वर्ग हसला. चौथरा वर्गप्रमुखाला मिळाला.

तिने खाली मान घातली. सुट्टीत तरीही ती मला धुवायला घेऊन गेली, याने मला आजही भरून येते. धुण्याआधी उरलेली शाई ती रद्दी कागदावर टिपत असे. त्या दिवशी तिने रागाने तो सहा मार्कांचा पेपरच पुढे ओढला आणि मला त्यावर दाबले.

तिच्या नकाशाशेजारी माझा छाप उमटला. ती बघतच राहिली. मग तिने कागद उलटा केला, पाठीमागून खिडकीच्या काचेवर धरला आणि पलीकडच्या उजेडात तिचा नकाशा बघितला. अमेरिका डावीकडे, ऑस्ट्रेलिया उजवीकडे, सगळे जिथल्या तिथे. तशीच ती धावत बाईंच्या खोलीत गेली. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात मी, आणि शाई कोपरापर्यंत.

बाईंनीही तो कागद उजेडात धरला. एकेका किनाऱ्यावरून त्यांनी बोट फिरवले. मग म्हणाल्या, "तू हे शिकलीस कशावरून?"

तिने मला पुढे केले.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. "आणि मी याला सहा मार्क दिले." पण त्या न्यायाला पक्क्या होत्या. "मार्क वाढणार नाहीत हं. दिशा चुकल्या त्या चुकल्याच. पण वर्गात अशी रेषा दुसऱ्या कोणाची नाही. फळ्यावर सरळ काढून दाखव, चौथरा तुझा. परवा सकाळी काम सुरू करायचंय."

माझा जीव भांड्यात पडला होता, तो लगेच बाहेर आला. शाईताईने खडू घेतला खरा, पण हात उलट्यावर बसला होता. आफ्रिकेचा फुगवटा भलत्या बाजूला वळायचा. तिने तीनदा पुसले, तीनदा काढले. चौथ्यांदा खडू खाली ठेवला आणि मला घेऊन घरी आली.

सगळे ऐकून आजोबांनी कपाळाला हात लावला. "अगं, उलटं काय नि सरळ काय, माझ्या डोळ्यांना आता कळतच नाही. मीच घात केला तुझा."

ती म्हणाली, "तुमचा काय दोष? मलाही कुठे कळलं?" मग जरा वेळाने तिने विचारले, "पण आजोबा, तुमची ती उलटी अक्षरं सरळ कधी व्हायची?"

"कधी म्हणजे? वर कागद दाबला की झाली सरळ."

ती ताडकन उठली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मैदानात वेगळेच चित्र होते. तिची युक्ती ऐकून बाईंनी फळ्याची अट सोडून दिली होती. खाकी कागद जोडून जोडून वीस फुटांचा एक कागद केला होता. शाईताई त्यावर अनवाणी उभी होती आणि कोळशाच्या जाड कांडीने जग काढत होती, तिच्या हाताला येत होते तसेच, उलटे. वर्गप्रमुख आधी फुगून बसला होता. मग तोच कोळसा पुरवू लागला. मला बाईंनी पायरीवर ठेवले होते, म्हणून मला सगळे दिसले.

मग सगळ्यांनी मिळून कागद उचलला आणि पालथा करून, वरची कड उत्तरेला येईल असा, चौथऱ्यावर पसरला. "चपला काढा आणि दाबा," बाई म्हणाल्या. वर्गातली बाकी सगळी मुले त्या कागदावर हळूहळू पावले टाकत फिरली. कोणी टाचेने दाबले, कोणी गुडघ्यांवर बसून तळहातांनी. शाईताई बाजूला उभी होती, तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. इतका मोठा शिक्का ना तिने पाहिला होता, ना मी.

कागद उचलला. सिमेंटवर जग उमटले होते, काळे, ठळक आणि सरळ. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा वर्ग टाळ्या वाजवू लागला. मला त्या क्षणी जो अभिमान वाटला, तो माझ्या कौतुकाच्या दिवसांतही वाटला नव्हता.

बाईंनी तिच्या हातात रंगाचा ब्रश दिला. "आता दिशा लिही." ती नकाशाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सकाळचे ऊन कुठून येते आहे ते तिने बघितले, त्या बाजूला चालत गेली आणि खाली वाकून 'पूर्व' लिहिले. या वेळी तिला कोणाला काही विचारावे लागले नाही.

आता माझे वय झाले आहे. वर्गात छापील नकाशे येतात आणि मी बहुतेक दिवस खणातच असतो. तक्रार नाही. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या शाळेत असेल तर तिला धुऊन पुसून ठेवा, एवढेच सांगेन. शाई वाळली की अंग चिरते. आणि मित्रांनो, आणखी एक मागणे आहे. कोणाचे उत्तर चुकले तर हसण्याआधी, ते तो कशावरून शिकला हे विचारा. स्वतःचा पेपर चुकला तर तो चुरगळून फेकू नका. त्यातही कोणीतरी मन लावून काढलेला एखादा किनारा असतो.