फखरुन्निसा खोगिरावर बसल्या

आखाती देशातल्या रुमैथिया भागात एका घरी राजश्री फिजिओथेरपीसाठी जायची. पेशंट फखरुन्निसा, वय अठ्ठ्याहत्तर. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाय केव्हाच बरा झाला होता, पण मुलगा इद्रीस त्यांना व्हीलचेअरवरून उठूच देत नव्हता. "पडली म्हणजे?" एवढं एकच त्याचं.

दिवाणखान्यात लाकडी घोडीवर जुनं जपानी खोगीर मांडलं होतं. काळंभोर लाखकाम, त्यावर सोनेरी सारस. दोन्ही बाजूंना तशाच रिकिबी, अख्खं पाऊल टेकेल एवढ्या रुंद.

"उद्या हे इद्रीसच्या ऑफिसात जाणार," फखरुन्निसा म्हणाल्या. त्यांचं बालपण मुंबईत गेलेलं, त्यामुळे हिंदी फर्डं. "माझे अब्बा घोडे विकायचे, बेटी. मी रोज रपेट करायचे. अकराव्या वर्षी मला खाली उतरवलं, मुलगी मोठी झाली म्हणून. मग नवऱ्यानं हे आणलं नि सांगितलं, शोभेचं आहे, हात लावू नकोस. आज मी बसणार."

राजश्री घुटमळली. पडल्या तर नोकरी जाणार. पण पाय ठणठणीत आहे असं तीच तर सांगत आली होती. आता नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? तिनं घोडी हलवून पाहिली. भक्कम होती, खुर्चीएवढीच उंच.

"खाला, माझा खांदा धरा."

म्हातारीनं पाय पलीकडे टाकला, पावलं रिकिबींत टेकली आणि पाठ ताठ केली. कर्रकन आवाज होऊन लाखेचा टवका उडाला. त्या खदखदून हसल्या.

इद्रीस धावत आला. "अम्मी, उतर! दोनशे वर्षं टिकलीय ती वस्तू!"

"मीही टिकलेय. बघ माझ्याकडे."

तो राजश्रीवर उखडला. "उद्यापासून येऊ नका."

"पेशंट त्या आहेत," राजश्री म्हणाली. "त्यांनी नको म्हटलं तर नाही येणार."

"उद्या दहाला ये," खोगिरावरून हुकूम सुटला.

दुसऱ्या दिवशी वॉचमन फाटक उघडेना. साहेबांनी बजावलं होतं. राजश्री उन्हात उभी राहिली, हलली नाही. थोड्या वेळानं गजांतून दिसलं, फखरुन्निसा वॉकर घेऊन एकट्या येत होत्या. मागून इद्रीस रिकामी व्हीलचेअर ढकलत, विनवण्या करत येत होता. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. कडी स्वतः ओढली.

"खोगीर कुठंही जात नाहीये," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आत ये. आज जिना चढायचाय."