बुडाशी लिहिलेलं नाव

मी दातांचा साचा बोलतोय. प्लास्टरचा. भालकीतल्या एका दातांच्या दवाखान्यात, फळीवरच्या तीनशे साच्यांतला एक. इथं आम्हांला सगळे 'माप' म्हणतात.

ती बातमी आली तो मंगळवार साधाच होता, २०१२ सालचा. रस्त्यावरून उसाच्या गाड्या चालल्या होत्या. डॉक्टर वीरभद्रप्पा नव्या यंत्राची पेटी उघडत होते. पेनासारखी कांडी तोंडात फिरवली की दात पडद्यावर दिसतात. लगदा नाही, ओकारी नाही, प्लास्टर नाही.

"जगदेवी, जुनी मापं फोड," ते मदतनीस बाईला म्हणाले. "तुकड्यांनी दारापुढचा खड्डा बुजव."

तेवढ्यात हवालदार गुंडप्पा आला. उसाच्या फडात एका बाईचं जळालेलं प्रेत सापडलं होतं.

"तोंड वळखू येईना, अप्पा. दातच तेवढे शाबूत. एक म्हातारी म्हणायलीय, माझी लेक हाय. जावई म्हणायलाय, न्हाई, माझी बायको पळून गेलीय. म्हातारी म्हणती, लेकीचं माप भालकीत हाय, लावून बघा."

"नाव?"

गुंडप्पाने नवऱ्याने दिलेल्या तक्रारीचा कागद उलगडला. "श्रीदेवी काशाप्पा."

मला दात आहेत, जीभ नाही.

चार महिन्यांपूर्वी ती आईबरोबर आली होती. न विचारता माहेरी गेली म्हणून नवऱ्याने, काशाप्पाने, कोयत्याचा दांडा तिच्या तोंडावर हाणला होता. पुढचे तीन दात मुळासकट गेले होते. मापाचा लगदा दाबला तेव्हा तिला ओकारी आली, नुकता सांधलेला ओठ पुन्हा फाटला, गुलाबी लगद्यात रक्त उतरलं. त्याच लगद्यात प्लास्टर ओतलं आणि मी जन्मलो. तीन दातांची पोकळी, डावा सुळा आडवा.

"नाव काय लिहू?" जगदेवीने विचारलं.

आई, रुद्रम्मा, पुढं झाली. "शैलश्री. मी ठेवलेलं नाव."

सासरी थोरल्या जावेचं नावही शैलश्रीच. म्हणून लग्नात हिचं श्रीदेवी केलं होतं.

"ते सासरचं नाव तिकडंच ऱ्हाऊ द्या, अक्का," रुद्रम्मा म्हणाली. "श्रीदेवीला मारत्यात. शैलश्रीला कुणी हात लावला न्हाई."

जगदेवीने माझ्या बुडाशी पेन्सिलीने 'शैलश्री' लिहिलं, वहीतही तेच.

आता डॉक्टर वही चाळत होते. "तीन श्रीदेवी हायत. दोघी म्हाताऱ्या, एक शाळेतली पोर."

"नीट बघा की. उद्या सकाळी बेवारस म्हणून पुरणार. म्हातारी मुडदाघराच्या दारातून हलंना. म्हणती, आमच्या लिंगायतांत आडवं पुरत न्हाईत. लेकीच्या हातात लिंग देऊन, बसवून माती देणार."

"नावच न्हाई तर मी काय करू?"

"अप्पा, अशी कुणीतरी आल्यागत वाटतंय, नाव ध्यानात न्हाई. एकेक माप काढून बघू का?" जगदेवी म्हणाली.

"तीनशे मापं? अन् कोणत्या नावानं बघतीस?"

यंत्र बसवायला आलेला माणूस हसला. "आता हे टेन्शन नाही, डॉक्टर. नाव टाईप केलं की दात समोर."

गुंडप्पाने कागदाची घडी घातली आणि तो गेला.

दुपारी हातोडा सुरू झाला. शेजारचे जबडे माझ्या अंगावर उडाले. मग माझी पाळी. पहिल्या घावाला सुळ्यापासून चीर गेली, दुसऱ्याला दाढा सुटल्या. दांड्याखाली तिने जो आवाज ऐकला असेल, तो मी ऐकला. जगदेवी मान वळवून घाव घालत होती.

दुसऱ्या दिवशी गुंडप्पाची मोटारसायकल माझ्यावरून गेली आणि पलीकडच्या चहाच्या टपरीशी थांबली.

"उरकलं का, साहेब?" टपरीवाल्याने विचारलं.

"व्हय."

"अन् म्हातारी?"

"बसवा म्हणून पाया पडायली. आडवंच पुरलं. कागदावर लेक न्हाई तिची."

मी अजून त्या खड्ड्यात आहे, अर्धा. नावाची बाजू खाली आहे. मला कोणी उलटं करून पाहिलं नाही.