बिनकॅरिअरची सायकल

रघुनाथरावांना अपुरी वस्तू कधी खपली नाही. छत्री घेतली की तिच्यावर नाव घालून आणायचे, चष्मा घेतला की त्याला दोरी बांधायचे. सिल्वासाच्या सरकारी कचेरीत त्यांच्या टेबलावरून टाचणीशिवाय कागद पुढे सरकत नसे. वापीच्या एका स्वस्त खेळसामानाच्या दुकानात परदेशी रेसिंग सायकल बरीच वर्षं धूळ खात पडली होती. शेठने ती कमी किमतीत काढली म्हणून त्यांनी लेकीसाठी घेतली. घरी आणून अंगणात उभी करायला गेले आणि बुचकळ्यातच पडले. सायकलीला स्टँडच नव्हता!

"कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही," ते बायकोला म्हणाले, "नलिनी, त्याने मला अर्धीच सायकल दिली की काय?"

"बाबा, रेसिंगची अशीच असते," सोळा वर्षांची प्राजक्ता आनंदाने म्हणाली. "नळ्या कार्बनच्या आहेत. बघा, एका हाताने उचलते!"

१९९७ सालचा जानेवारी होता तो. सव्वीस तारखेला सिल्वासा ते रांधा आणि परत, अशी सायकल शर्यत ठरली होती आणि त्यात पहिल्यांदाच मुलींना घेणार होते. प्राजक्ताने सगळ्यांत आधी नाव दिलं होतं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"शर्यत एक दिवसाची," नलिनीताई म्हणाल्या. "एरवी हिच्यावर दळण कसं आणायचं? प्रथमेशला शिकवणीला कसं सोडायचं?"

प्रथमेश हा धाकटा. तो नव्या बॅटने भिंतीवर चेंडू मारण्यात दंग होता. शिकवणीला चालत जाता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

रघुनाथरावांना बायकोचं म्हणणं पटलं. सायकल घेऊन ते नरोलीच्या रस्त्यावर केसरबाईकडे गेले. तिचा नवरा नथू सायली गावच्या सूत कारखान्यात होता आणि पंक्चरचं दुकान ती एकटी सांभाळायची. खानदेशातून आलेली बाई, हात सदा ग्रीसने काळे. कॅरिअर आणि स्टँड बसवायचं ऐकून तिने सायकलीच्या नळीवर टिचकी मारली. ठक्, असा कोरडा आवाज आला.

"हाई लोखंड नही शे, साहेब," ती म्हणाली. "पट्टी आवळली का नळी चिरी जाई. मी नही बसाडाव."

"अहो, सायकलीला कॅरिअर नको?"

"ही सायकलले नको."

रघुनाथराव घुश्शातच घरी परतले. बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतं, असं ते वाटेत स्वतःशी म्हणालेही. (आपण त्यांना हसू नये. आपल्यापैकी कितीजण हेच म्हणतात!) रविवारी बाजारातून त्यांनी सगळं सामान आणलं, पाना घेतला आणि प्राजक्ता मैत्रिणीकडे गेलेली असताना स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, टोपली, घंटी, सगळं चढवलं. कॅरिअर हलत होतं म्हणून मागच्या नळीवरची पट्टी पुरा जोर लावून आवळली. कट् असा आवाज झाला. पट्टी नीट बसली, असं समजून त्यांनी घाम पुसला.

प्राजक्ता आली. सायकलीकडे बघत उभी राहिली आणि आत जाऊन रडू लागली.

रघुनाथराव दारात पाना घेऊन उभेच. एवढी सुट्टी घालवली, हाताला फोड आले आणि पोरगी रडते? त्यांना काही उमगेना. "तिला रंग आवडला नसेल मडगार्डचा," असं त्यांनी नलिनीताईंना सांगितलं, पण ते त्यांना स्वतःलाच पटलं नाही.

पंचवीस तारखेला प्राजक्ताला दळण आणायला पाठवलं. कॅरिअरवर पिठाचा डबा. नरोली फाट्याजवळ, केसरबाईच्या दुकानापाशीच, सायकलीचा मागचा भाग लचकायला लागला, डबा घसरला आणि प्राजक्ता डब्यासकट रस्त्याच्या कडेला पडली. मागून येणाऱ्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला. केसरबाईनेच तिला उचलून दुकानात बसवलं आणि समोरच्या दुकानातून कचेरीत फोन केला.

रघुनाथराव सायकल दामटत आले. पोरीचं कोपर सोलवटलं होतं. कॅरिअरच्या पट्टीखाली नळी उभी चिरली होती.

"पण मी तर सायकल पुरी करत होतो!" ते हताश होऊन म्हणाले. "यात माझं चुकलं काय?"

 केसरबाईने प्राजक्ताच्या केसांतलं पीठ झटकलं.

"साहेब, तुमना पोर्‍याले बॅट आणी ना?"

"आणली."

"मंग त्याले सांगं का, खेळी झायं का हाई बॅटवरी कपडा धोपट म्हणी?"

रघुनाथरावांनी नकारार्थी मान हलवली.

"पोर्‍याले खेळ दिधा तर निस्ता खेळ. पोरले खेळ दिधा तर त्यावर दयनना डबा, भाजी, भाऊ, समदं लादं. मंग नळी चिरी जास. पोर बी चिरी जास साहेब, पण तिना आवाज येत नही."

कट्! तो रविवारचा आवाज रघुनाथरावांना आता ऐकू आला. अरेरे, आपण काय करून बसलो! या बाईने आधीच सांगितलं होतं, आणि ती बाई आहे म्हणूनच आपण ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. प्राजक्ता खाली मान घालून बसली होती. "बाबा, आता उद्या नाहीच ना जाता येणार?" तिने विचारलं.

ते उठून बाहेर गेले आणि वीस वर्षं कचेरीत नेलेली आपली काळी सायकल आत घेऊन आले. "केसरबाई," ते हात जोडून म्हणाले, "हिचं काय काय काढता येईल?"

केसरबाई हसली. कॅरिअर निघालं, स्टँड निघाला, मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, सगळं निघालं. रघुनाथराव स्वतः एकेक नट गोळा करत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते एखादी वस्तू अपुरी करत होते.

शर्यतीत प्राजक्ता अकरा जणींत आठवी आली. लोखंडी सायकलवर आणखी काय होणार! पण रांध्याहून परत येताना तिचा चेहरा नलिनीताईंनी पाहिला आणि टाळ्या वाजवता वाजवता त्यांना हुंदका आला. "इतकी मोकळी हसताना मी हिला पाहिलंच नव्हतं हो," त्या म्हणाल्या. रघुनाथराव मात्र तिथे नव्हते. शर्यतीचा शेवट गाठायला ते गर्दीतून घाईघाईने येत होते, खांद्यावर गिरणीतून स्वतः आणलेला पिठाचा डबा, आणि मागून कुरकुरत चालणारा प्रथमेश.

मित्रहो, आपण लेकींना शिक्षण देतो, नोकरी करू देतो, सायकल घेऊन देतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. पण देताना हळूच एक कॅरिअर जोडतो. तुमच्याही घरी अशी एखादी पट्टी आवळलेली असेल. नळी चिरायच्या आत पाना हातात घ्या, आणि ती सैल करा!